वचन कुणाजवळ राहतं?

मार्गशीर्ष लागला की आमच्याकडे नाना देवघरातली पोथी खाली काढत. जुनं वस्त्र सोडून धुतलेलं पिवळं वस्त्र बांधत आणि एका कोऱ्या कागदावर सात दिवसांचे अध्याय लिहून तो कागद देवघराच्या दाराला चिकटवत. पहिल्या दिवशी नवव्यापर्यंत, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, असं करत दत्तजयंतीला समाप्ती. सप्ताहात निजायला जमिनीवर सतरंजी, एक वेळ जेवण आणि समाप्तीच्या नैवेद्यात घेवड्याची भाजी. निवृत्तीनंतर पंचवीसेक वर्षं यात खंड पडला नाही.

आता पोथी माझ्याकडे आहे. नाना आहेत. नव्वदीत आहेत, खातातपितात, पण घरात नाहीत. त्र्यंबक रस्त्याला, शहराबाहेर, स्मृती गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी एक जागा आहे, तिथे ते असतात. पहिले काही महिने मी लोकांना ‘नाना सध्या हवापालटाला आहेत’ असं सांगत होतो. या अंकाच्या वाचकांपासून कशाला लपवू? नानांना मी वृद्धाश्रमात ठेवलं आहे. आणि ठेवणार नाही, असं वचन त्यांना दिलेलं होतं.

अंकासाठी लेख मागितला गेला तेव्हा गुरुचरित्रातल्या एखाद्या अध्यायावर लिहावं असं मनात होतं. दोनदा बसलो. दोन्ही वेळा लेखणी त्या वचनापाशी येऊन अडकली. तेव्हा म्हटलं, तेच लिहावं.

२०१७ साली आई गेली. तेरावं झालं आणि त्यानंतरच्या गुरुवारी नाना म्हणाले, दत्ताला जाऊन येऊ. गोदाघाटावरच्या एकमुखी दत्ताच्या देवळात आम्ही गेलो. दर्शन झाल्यावर बाहेर पायरीवर बसलो होतो. नदीकडे बघता बघता नाना एकदम म्हणाले, ‘अरे, मला कुठे ठेवूबिवू नकोस हं. जे काय व्हायचं ते घरात होऊ दे.’ मी म्हटलं, ‘नाना, काहीतरीच काय बोलता? मी असेपर्यंत तुम्ही कुठेही जाणार नाही.’ त्यांनी आत गाभाऱ्याकडे बोट केलं. मी तिकडे वळून हात जोडले. एवढंच. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. म्हणजे होता, एकच.

नाना करन्सी नोट प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं तरी कळतं. १९२८ साली ही प्रेस सुरू झाली, देशात नोटांची छपाई सुरू झाली ती इथे. नाना १९५७ ला लागले, १९९३ ला अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. काम मोजणीचं. छापील कागद मोजायचे, शंभरावर थांबायचं, पुढचा गठ्ठा घ्यायचा. एक कागद कमी भरला तर हिशेब लागेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, असं ते सांगायचे. मी पुढे बँकेत लागलो. बापाने नोटा मोजल्या, मुलानेही मोजल्या, दोघांच्याही स्वतःच्या कधी फार नव्हत्या, हा आमच्या घरातला जुना विनोद.

अशा माणसाचा हिशेब पहिल्यांदा चुकला तो २०१९ च्या सप्ताहात. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्या दिवसाचेच अध्याय पुन्हा वाचले. मी दाराचा कागद दाखवला. तो त्यांच्याच हातचा होता, पण ‘हे कुणी लिहिलंय?’ म्हणून विचारलं. वय झालंय, असं म्हणून आम्ही सोडून दिलं. मग पेन्शन आणलेली सापडेना. ती उशीच्या अभ्र्यात निघाली, तोवर चोर ठरली होती सूनबाई, म्हणजे माझी पत्नी. तिच्या हातचा चहा पिऊन बाहेर येऊन मला हळूच सांगायचे, ‘ही बाई कोण आहे? हिला घरात ठेवू नकोस.’

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि अल्झायमर सांगितला. १९०६ साली जर्मनीतल्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी हा आजार प्रथम मांडला, त्यांचंच नाव त्याला पडलं. मेंदूत आठवणी नोंदवून घेणारा हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग असतो, या आजारात बहुधा तो आधी झिजतो. म्हणून सकाळी जेवलो की नाही हे आठवत नाही आणि सत्तर वर्षांपूर्वीच्या मास्तरांचं नाव आठवतं. मी बँकेच्या भाषेत समजून घेतलं: जुन्या खात्यांची वही शाबूत आहे, नवीन नोंद करणारा कारकूनच बसलेला नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्या शंभरांतल्या सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश असल्याचं दिसलं, देशभरात मिळून ८८ लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्या आरतीला जी मंडळी जमतात, त्यांच्यातही दोनचार घरं अशी असणारच. बोलत कुणी नाही.

तिन्हीसांजा झाल्या की नाना अस्वस्थ व्हायचे. पिशवी भरायचे आणि म्हणायचे, ‘चल, घरी जाऊ. आई वाट बघत असेल.’ मी म्हणायचो, ‘नाना, हेच आपलं घर. तुम्हीच बांधलंत, १९८१ ला.’ ते माझ्याकडे असे बघायचे की मीच त्यांना कोंडून ठेवलं आहे. त्यांचं घर होतं सिन्नरचं, भाड्याच्या दोन खोल्यांचं, जिथून ते मॅट्रिकला गेले. तो वाडा पडून तिथे दुकानं झाली त्यालाही आता जमाना झाला. एकदा त्यांना गाडीत घालून तिथे घेऊन गेलो. उतरलेच नाहीत. ‘हे नाही,’ म्हणाले.

मग एका पहाटे दार उघडं आणि नाना नाहीत. दोन तास शोधलं. स्टेशन पाहिलं, बिटको चौक पाहिला. सापडले प्रेसच्या फाटकाशी. अंगात पांढरा शर्ट, हातात रिकामा डबा. फाटकावरच्या जवानाला सांगत होते, पहिली पाळी आहे, आत सोडा. त्या भल्या माणसाने त्यांना खुर्ची दिली होती आणि ‘साहेब येईपर्यंत बसा’ म्हणून सांगितलं होतं. मी त्यांचा हात धरला तेव्हा नाना इतके हताश झाले, जणू मीच त्यांची हजेरी बुडवली.

त्यानंतर आम्ही दाराला आतून कुलूप लावायला लागलो. घर तेच, पण दाराला कुलूप. वचनातल्या ‘घरात’ या शब्दात हे बसत होतं का, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

आता जे लिहितो ते लिहायला मला वेळ लागला. चार वर्षं ‘मी नानांना सांभाळतो’ असं मी सगळीकडे सांगत होतो. सांभाळत होती माझी पत्नी. रात्री तीनदा उठणं, कपडे बदलणं, आंघोळ घालताना त्यांनी झिडकारलेला हात पुन्हा पुढे करणं, चोर म्हणवून घेऊन भात कालवणं, हे तिचं. मी औषधं आणायचो, डॉक्टरांशी बोलायचो आणि देवळात लोकांनी ‘तुमच्यासारखा मुलगा नशिबाने मिळतो’ म्हटलं की मान खाली घालून ऐकून घ्यायचो. वचन मी दिलं होतं आणि पाळत ती होती. देवासमोर हात मी जोडले होते, तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. पुंडलिक आई-वडिलांचे पाय चेपत होता, देवाला विटेवर थांबावं लागलं, हे आपण पिढ्यान् पिढ्या सांगतो. पण त्या घरात त्या वेळी चूल कोण फुंकत होतं, पाणी कोण भरत होतं, हे विचारायचं आपल्यापैकी कुणालाच कधी सुचलं नाही. मला तरी सुचलं नव्हतं.

नाशिककर गोदेच्या पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीवर मोजतात. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याशी आलं. आमच्या घरात पाणी कुठवर आलं आहे ते मला दिसत नव्हतं, कारण बुडत होती ती. एके रात्री नानांना उचलताना तिची पाठ धरली आणि ती जमिनीवर बसली ती उठेना. दोघंही खाली, नाना पलंगाशेजारी आणि ही भिंतीशी. नाना तिला विचारत होते, ‘बाई, तुम्हाला लागलं का?’ आणि ही हसत होती आणि रडत होती. तिला दोन महिने अंथरुणावर काढावे लागले. रात्रंदिवस माणूस ठेवून पाहिला, तो महिन्याभरात गेला. दुसरा ठेवला, त्याने नानांच्या दंडावर वळ उठवले. मग शोध सुरू झाला.

बहीण फोनवर म्हणाली, ‘आईने असं होऊ दिलं असतं का?’ तिच्या घराला दोन जिने आहेत, तिचे स्वतःचे गुडघे बदललेले आहेत, तिला तरी काय बोलू? नात्यातल्या एका गृहस्थांनी मला ‘नटसम्राट’ पाहायला सांगितलं, जसं काही मी ते पाहिलंच नव्हतं. १९७० साली आलेलं, आपल्याच तात्यासाहेब शिरवाडकरांचं नाटक. नाशिकच्या कुठल्या घराने ते पाहिलं नाही? पण त्या नाटकाने आमच्या पिढीच्या मनात एक चित्र पक्कं बसवलं: म्हातारं माणूस घराबाहेर गेलं की आत कुणीतरी कृतघ्न बसलेलं आहे. कधी तसं असतंही. म्हणूनच तर २००७ चा कायदा झाला. आई-वडिलांना टाकून देणाऱ्याला त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्या कायद्याच्या लेखी मी निर्दोष आहे. महिन्याचे पैसे पाच तारखेच्या आत जातात. पण दत्ताच्या पायरीवर जे बोललो ते त्या कायद्यात येत नाही.

देवळातले माझे एक स्नेही म्हणाले, ‘अहो, त्यांना आता वचन आठवतं तरी का? ज्याला दिलं त्यालाच आठवत नाही, तर संपलं.’ ते माझ्या भल्यासाठीच बोलत होते. पण मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. ठेवीदार विसरला म्हणून ठेव बँकेची होत नाही. उलट जो विसरला त्याच्या ठेवीला जास्त जपावं लागतं, कारण मागायला तो येणार नाही. देणं ज्याच्या अंगावर आहे त्याला आठवत असेल, तर ते आहेच. नानांना आठवत असतं तर ते रागावले असते, किंवा माझी अडचण बघून ‘जाऊ दे रे, सोडलं तुला’ असंही म्हणाले असते. आता ते दोन्ही होणार नाही. मला सोडवणारं कुणी उरलेलं नाही.

दुसरं एक समाधान मी स्वतःच शोधलं. म्हटलं, आपण ‘घर’ म्हटलं होतं. नानांच्या लेखी आमचं घर हे घर राहिलंच नव्हतं. मग घराबाहेर काढलं असं तरी कसं म्हणायचं? हे खरं आहे आणि तरीही वकिली आहे. पायरीवर नाना घराबद्दल बोलले ते भिंतींबद्दल नव्हतं. ‘मला परक्यांत टाकू नकोस’ असं ते म्हणत होते. आणि मी त्यांना परक्यांतच ठेवून आलो.

अशा वेळी पोथी उघडली. आधार मिळावा म्हणूनच उघडली, खोटं कशाला बोलू? गुरुचरित्र आपण ऐकतो ते बहुधा चमत्कारांसाठी. या खेपेला मी फक्त घर सोडण्याचे प्रसंग वाचले. श्रीपाद श्रीवल्लभ पिठापूरहून निघाले तेव्हा सोळा वर्षांचे होते. आई सुमती रडत होती, कारण मागे उरणार होते दोन मुलगे, एक आंधळा आणि एक पांगळा. श्रीपादांनी आधी त्या भावांकडे कृपादृष्टीने पाहिलं, त्यांना धडधाकट केलं, आई-वडिलांची सेवा त्यांच्यावर सोपवली आणि मग पाऊल बाहेर टाकलं. कारंज्याचे नरहरी मुंजीनंतर लगेच निघणार होते. अंबाभवानीने अडवलं. त्यांनी आईला पूर्वजन्मीचं स्मरण करून दिलं, तरी तिचं मन मानेना. तेव्हा तिला दुसरा मुलगा होईपर्यंत ते थांबले. जुळे झाले, तीन महिन्यांचे झाले, मग निघाले. आणि पुढे कित्येक वर्षांनी, नृसिंह सरस्वती झाल्यावर, आई-वडिलांना भेटायला कारंज्याला परत आले. तिथून पुढे गौतमीच्या काठाने आपल्या त्र्यंबक-नाशिकलाही आले.

माझ्या स्नेह्यांना हे सांगितलं तर त्यांचा चेहरा खुलला. ‘बघा, अवतारांनीसुद्धा व्यवस्था केली आणि गेले!’ असं ते म्हणाले. मला ते एवढं सोपं वाटत नाही. अवतार निघाले ते लोकांच्या उद्धाराला. मी नानांना ठेवून आलो आणि त्या रात्री चार वर्षांत पहिल्यांदा सलग सात तास झोपलो. सकाळी उठल्यावर त्या झोपेचीच लाज वाटली. तेव्हा श्रीपादांच्या मागे लपायची माझी योग्यता नाही. पण या कथांत एक गोष्ट मला दिसली, ती आधी दिसली नव्हती. जाणारा जाण्याआधी बघून जातो, की मागे कुणाचे हात आहेत आणि त्या हातांत बळ आहे का. आंधळ्या-पांगळ्या भावांच्या हवाली आई-वडील करून ते गेले नाहीत. मी मात्र चार वर्षं पाठ मोडत आलेल्या एका बाईच्या हवाली नानांना करून ‘सेवा चालली आहे’ म्हणत होतो. आणि दुसरं म्हणजे नरहरी परत आले. व्यवस्था केली म्हणजे संपलं, असं त्यांनीही मानलं नाही.

आणखी एकाने मला घेवड्याच्या वेलाची कथा ऐकवली. ज्या वेलावर गरीब ब्राह्मणाचं पोट चालत होतं तो गुरूंनी उपटला, घरचे हळहळले आणि मुळाशी धनाचा कुंभ निघाला. तसंच तुमचंही होईल, असं त्यांना म्हणायचं होतं. ती कथा मला प्रिय आहे, पण प्रत्येकाचा उपटलेला वेल म्हणजे कुंभाची खूण नव्हे. मला कुंभबिंभ सापडलेला नाही. जे झालं ते एवढंच.

पहिले पंधरा दिवस येऊ नका, असं तिथल्यांनी सांगितलं होतं. माणूस रुळायला वेळ लागतो, घरचे दिसले की पुन्हा पिशवी भरतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. मी आठव्या दिवशी गेलो आणि फाटकाबाहेरून बघून परत आलो. नाना अंगणात फाटकाचीच कडी खालीवर करत उभे होते. दुसऱ्या आठवड्यात जेवण टाकलं, तीन किलो वजन उतरलं. रोज संध्याकाळी विचारायचे, ‘मला घरी कधी नेणार?’ आणि तिथल्या मावशी सांगायच्या, ‘उद्या.’ मी म्हटलं, ‘मावशी, हे खोटं आहे हो.’ त्या म्हणाल्या, ‘साहेब, त्यांना उद्या म्हणजे काय ते कळत नाही. पण नाही म्हणजे काय ते कळतं.’ यावर मला उत्तर सुचलं नाही. मी स्वतः मात्र अजून ‘उद्या’ म्हणू शकत नाही. ‘बसू या थोडं,’ एवढंच म्हणतो.

साधारण दोन महिन्यांनी गेलो तर नाना टेबलाशी बसलेले. समोर शाळेच्या जुन्या वह्यांतले पाठकोरे कागद. अंगठा आणि बोट चालत होतं, ओठ हलत होते. शंभरावर थांबत, रबर लावत, गठ्ठा उजवीकडे. मावशींना कसं कळलं? त्या म्हणाल्या, ‘जेवताना पोळीचे पदर मोजायचे. म्हटलं, मोजायची सवय दिसते.’ प्रेसचं त्यांना माहीतही नव्हतं. चार वर्षं आमच्या घरात नाना पोळीचे पदर मोजत होते आणि आम्ही त्यांच्यावर ओरडत होतो, ‘नाना, खेळू नका, जेवा.’

गाडीत परत येताना ही म्हणाली, ‘आपण त्यांची रोज परीक्षा घेत होतो.’ खरं होतं. ‘नाना, मी कोण? ओळखलंत का? आज वार कोणता? मघाशी काय जेवलात?’ सकाळ-संध्याकाळ प्रश्न आणि रोज नापास. प्रेमानेच विचारायचो. पण आमच्यासमोर दोन नाना असायचे, पूर्वीचे आणि आताचे, आणि आताच्यांनी पूर्वीच्यांसारखं वागावं म्हणून आमची धडपड. त्या मावशींनी पूर्वीचे नाना पाहिलेलेच नव्हते. ‘अस्तु’ चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृती हरवलेला संस्कृतचा पंडित उभा केला आहे. तो हत्तीच्या मागे चालत जातो आणि माहुताची बायको त्याला लेकराप्रमाणे जवळ करते, तो कोण होता हे तिला ठाऊकच नसतं. तेव्हा मला तो कवितेतला प्रसंग वाटला होता. आता वाटतं, ज्याने हे जवळून पाहिलं आहे त्यानेच ते लिहिलं असणार.

परक्यांत टाकू नकोस, असं नाना म्हणाले होते. तिथे परकं कोण ठरलं, हा प्रश्न मी मनातून काढू शकत नाही. पण यावरून माझं वचन फिटलं असंही मला म्हणवत नाही. वचन मोडलं ते मोडलंच. ते मोडायला नको होतं असंही आता वाटत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात राहू शकतात, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

एक मात्र अजून सुटलेलं नाही. दत्तप्रभूंना आपण स्मर्तृगामी म्हणतो. स्मरण करताच येणारा. नानांनी आयुष्यभर या एका शब्दावर भिस्त ठेवली. आता नानांना स्मरणच नाही. मागच्या दत्तजयंतीला मी पोथी घेऊन तिथे गेलो होतो. वाटलं होतं, पहिल्या ओव्या कानावर पडतील आणि नाना पुढची ओवी म्हणतील, असं होतं म्हणे पुष्कळांचं. तसं काही झालं नाही. नानांनी पोथीवरचं पिवळं वस्त्र हातात घेतलं, घडी घातली, उलगडली, पुन्हा घडी घातली. मग मी वाचत राहिलो आणि ते खिडकीकडे बघत राहिले. जो स्मरूच शकत नाही त्याच्याकडे स्मर्तृगामी कसा येणार? एका वयस्कर गुरुजींना विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘लहान मूल तरी कुठे स्मरण करतं? त्याच्या वतीने आई करते.’ मी म्हटलं, नानांची आई साठ वर्षांपूर्वी गेली. गुरुजी माझ्याकडे नुसतं बघत राहिले.

तेव्हापासून गुरुवारी देवळात गेलो की दोनदा हात जोडतो. पायरीवर, जिथे बसलो होतो तिथे, थोडा वेळ बसतो आणि मग त्र्यंबक रस्त्याची बस धरतो. कधी ही बरोबर असते. तिची पाठ आता बरी आहे. नाना तिला चोर म्हणत नाहीत, ‘तुम्ही कुठल्या?’ असं अदबीने विचारतात आणि ती सांगते, ‘मी नाशिकरोडची.’ मग दोघं प्रेसच्या भोंग्याबद्दल बोलतात. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी एकदा तिला आशीर्वादही दिला. सून म्हणून चार वर्षांत मिळाला नव्हता, तो अशा रीतीने मिळाला.

माझ्या बँकेतली ओल्या स्पंजची डबी घरात कुठेतरी पडली होती, ती मी नानांना नेऊन दिली. परवाच्या गुरुवारी गेलो तेव्हा त्यांनी मला ओळखलं नाही. समोरच्या खुर्चीवर बसायची खूण केली आणि एक गठ्ठा पुढे सरकवून म्हणाले, ‘साहेब, मोजून घ्या.’ मी मोजले. सत्त्याण्णव भरले. पुन्हा मोजले, सत्त्याण्णवच. नाना माझ्या तोंडाकडे बघत होते. मागून मावशींनी खुणावलं, म्हणा बरोबर आहे. ज्या माणसाने एका कागदासाठी अख्खी पाळी थांबलेली पाहिली त्याला ‘बरोबर आहे’ म्हणणं माझ्याच्याने होईना. शेजारच्या ढिगातून तीन कागद काढून गठ्ठ्यात घातले आणि म्हटलं, ‘नाना, एकदा तुमच्या हाताने बघा.’

त्यांनी स्पंजवर बोट टेकवलं आणि सावकाश मोजायला सुरुवात केली. मी बसून राहिलो. शंभरावर थांबून त्यांनी गठ्ठ्याला रबर चढवलं.